उताराला आडवं तास

नागावच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत मातीची धूप हा विषय सहसा निघत नाही. तिथली जमीन सपाट आणि रेताड. पण त्याच अलिबाग तालुक्यात सागरगडाच्या डोंगररांगेकडे वळलं की खाली भाताची खाचरं आणि वर उतारावर नाचणी-वरीची वरकस जमीन दिसते. खाचराला बांध असतो. पाणी तुंबतं आणि गाळ तिथेच बसतो. वरकसाला हा आधार नाही. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि मुळातच उथळ असलेला मातीचा थर त्याच्या तोंडी सापडतो.

पूर्वी काही वर्षं पीक घेऊन वरकस पड ठेवत. गवत-झुडपं माती धरून ठेवत. जमिनीचे तुकडे पडले, पडीचा काळ आखडला आणि नांगर वरचेवर फिरू लागला.

नांगर कोणत्या दिशेने फिरतो, यावर बरंच ठरतं. वरून खाली मारलेलं प्रत्येक तास म्हणजे पाण्याला काढून दिलेली आयती वाट. त्यातून वेग घेतलेलं पाणी सुपीक कणच आधी नेतं आणि एक-दोन पावसाळ्यांत तासाची घळ होते. तेच तास आडवं मारलं, तर त्याचा वरंबा छोट्या बांधाचं काम करतो. पाणी थबकतं, मुरतं.

आडवी रेषा नजरेने साधत नाही. त्यासाठी गवंड्यांची पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. नळीची दोन टोकं दोन सारख्या काठ्यांना बांधायची. एक काठी जागेवर रोवून दुसरी उतारावर वर-खाली सरकवायची. दोन्हीकडे पाणी सारख्या खुणेवर आलं की तिथे खुंटी ठोकायची. खुंट्या जोडत गेलं की समपातळीची वळणदार ओळ मिळते. नांगराने तिच्याच कलाने जायचं.

कोकणच्या पावसात एवढ्यावर भागत नाही. तुडुंब भरलेला वरंबा फुटला, तर खालचे सगळे फोडत जातो. म्हणून तासांना बाजूला किंचित ढाळ, जादा पाण्याला गवताळ सांडवा आणि मधूनमधून वाळ्याचा दाट पट्टा हवा.

पाणी अडवण्याचा हा विचार नवा नाही. महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना पाणी शेतात मुरावं असे ताली-बंधारे सरकारने बांधावेत, असं सुचवलं होतं. रायगडमध्येच, नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी नांगरच टाळण्याची वेगळी वाट काढली. त्यांच्या ‘सगुणा राइस तंत्रा’त गादीवाफे एकदाच करतात. पुढे नांगरणी, चिखलणी नाही. टोकण पद्धतीने भात लावतात आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवतात. ती कुजतात आणि माती बांधून ठेवतात.

फार तीव्र उतारावर मात्र नांगर घालूच नये. 1990 पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून कोकणातल्या अशा कितीतरी जमिनींवर आंबा-काजू उभा राहिला. झाडाच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती ओटा आणि मधल्या जागेत गवत ठेवलं, तर तिथली माती टिकते. ओटे आणि खुंट्यांची कामं मात्र मे महिन्यातच उरकायला हवीत. मिरग बरसला की उतारावर काम करणं अवघड होतं.