विद्यार्थ्याची पहिली बैठक

विष्णु दिगंबर पलुसकरांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, तेव्हांपासून प्रतिष्ठित घरांतील मुलांना चारचौघांत गावयास बसण्याची वाट मोकळी होत गेली. आज मोहोपाड्याची मुलगीही संगीताच्या परीक्षा देते. वरच्या परीक्षांत मंचप्रदर्शन असतें.

अशा वेळीं वडीलधाऱ्यांना वाटतें, मुलीनें येतील तितके राग ऐकवावे. आम्हांस हें पसंत नाहीं. अभ्यासक्रमांत राग पुष्कळ. बैठकींत एकच घ्यावा. कार्यक्रम रात्रीचा असेल तर मालकंस. त्यांत पंचम वर्ज्य, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार मध्यमांत मिळवावी लागते. (पेटीवर वाढलेल्या मुलांस हें मुद्दाम सांगावें लागतें!) तार स्वतःच लावावी. यंत्राचा तंबोरा रियाजास सोयीचा खरा. पण जवारींतला दोरा किंचित् सरकवितांना जो कान तयार होतो, तो कळ दाबून होत नाहीं.

आपल्याकडील पावसाळी हवेंत तबल्याचें कातडें सैल पडून सूर उतरतो. साथीदारासह अंमळ आधींच पोहोंचावें. विलंबित एकतालाची लय घरींच ठरवावी, कारण घाबरलेला गळा ती नकळत वाढवितो. सम हुकलीच तर तान सोडून मुखडा धरावा. आणि पुढें बसलेल्या मंडळींनीं त्या क्षणीं तरी मुलीकडे टक लावून पाहूं नये.