सौर विजेचं मोजमाप, सौर उष्णतेचं काय?

सौरऊर्जा म्हटलं की हल्ली डोळ्यांपुढे पॅनेलच येतात. त्याला कारणही आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक कोटी घरांचं लक्ष्य आहे आणि घरटी ७८ हजारांपर्यंत अनुदान. पाणी तापवणाऱ्या सोलरचं केंद्रीय अनुदान मात्र २०१४ मध्येच आटोपलं. २०१० च्या राष्ट्रीय सौर मोहिमेत २०२२ पर्यंत दोन कोटी चौरस मीटर सौर-उष्णता संग्राहकांचं उद्दिष्ट होतं. तेव्हा वीज आणि उष्णता निदान एका पंगतीला बसत होत्या.

आंघोळीच्या पाण्यासाठी आधी उन्हाची वीज करायची आणि मग तिची उष्णता, हा द्राविडी प्राणायाम. पॅनेल उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा विजेत उतरवतं. चांगला संग्राहक निम्म्याच्या आसपास ऊन थेट पाण्यात उतरवतो. शंभर लिटरच्या संचाला दोनेक चौरस मीटर गच्ची पुरते. (हीट पंप जोडला तर पॅनेलची बाजू बरीच सावरते, हे कबूल. पण साध्या घरात तो कुठे दिसतो?)

बंगळुरूत सोलर रुजला तो सक्ती आणि सवलत हातात हात घालून आल्या म्हणून. बिलातली सूट युनिटमागे ५० पैसे, महिन्याला फार तर ५० रुपये. खरा जोर सोलरशिवाय नवी वीजजोडणी नाही, या अटीचा. पुण्यात मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत आहे. पण आपल्याकडचा सोलरसक्तीचा नियम गच्चीवर चढतो आणि तिथेच थांबतो. टाकी वर, पहिल्या मजल्याचा नळ पाच-सहा मजले खाली. रात्रभर पाइपात गार झालेलं पाणी सकाळी आधी मोरीत सोडायचं. दोन बादल्या वाया गेल्या की माणूस वैतागून गिझरचं बटण दाबतो. त्यावर उपाय साधा आहे: पाइपाला उष्णतारोधक वेष्टण, परतीची लाइन, छोटा पंप. पण बिल्डरला हवा असतो भोगवटा दाखला, आणि तो वेष्टणाविनाही मिळतो. पुढे बोअरच्या पाण्याचे क्षार साचतात, पाणी कोमट होतं आणि साफसफाईचा खर्च कोणाचा यावर सोसायटीची सभा रंगते. तपासणी दाखल्याच्या दिवशी न होता दोन वर्षांनी, तळच्या नळाशी व्हायला हवी.

कारखान्यांत तर वाव याहून मोठा. लातूरच्या महानंद डेअरीत मुंबई आयआयटीच्या सहभागातून घडलेली सुमारे १६० चौरस मीटरची, ऊन एकवटणारी 'अरुण' तबकडी दुधाच्या पाश्चरीकरणासाठी उभी राहिली. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ पासून ७३ तबकड्यांची वाफ स्वयंपाकाला आली. पाश्चरीकरणाला लागतं सत्तर-बहात्तर अंश, कापडाच्या रंगाईलाही बऱ्याचदा शंभराच्या आतच. त्यासाठी आपण कोळसा नाहीतर फर्नेस ऑइल जाळतो. बॉयलरला जाणारं पाणी नुसतं आधी उन्हावर तापवलं तरी इंधन वाचतं. इचलकरंजी, सोलापूरच्या प्रोसेस हाउसना हे सांगावं लागत नाही. त्यांची अडचण जागेची आणि भांडवलाची. तिथे संचामागे अनुदान देण्यापेक्षा मीटर लावून मोजलेल्या उष्णतेमागे पैसे द्यावेत, असं मला वाटतं. ऊर्जा संवर्धन कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने उद्योगांवर बिगर-जीवाश्म ऊर्जेची सक्ती करण्याचा अधिकार केंद्राला दिलाच आहे; त्या सक्तीत उष्णतेचा वेगळा रकाना तेवढा हवा.