आशियाई चवी, घरची मर्यादा

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठाण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. ज्या घरात चौविहाराचा नियम आहे, तेथील गृहिणीच्या दृष्टीने ही वेळ म्हणजे दिवसभराच्या स्वयंपाकाची शेवटची सीमा असते. खाडीकाठचे कोलशेत एकेकाळी कोळी-आगरी वस्तीचे गाव होते. पुढे आसपास कारखाने आले आणि आता कोलशेत रस्त्यालगत उंच गृहसंकुले उभी आहेत. एकाच मजल्यावर निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे नांदतात. मुले एकत्र खेळतात, एकमेकांच्या वाढदिवसांना जातात आणि घरी येताना नवी मागणी घेऊन येतात. कधी नूडल्स, कधी मांचुरियन, तर कधी थाई करी. आजी विचारतात, "त्यात काय काय घालतात?" नातवाला उत्तर ठाऊक नसते.

ही मागणी सरसकट नाकारली, तर मूल ती चव घराबाहेर शोधते आणि तेथे ताटात काय पडले याची खात्री कोणी देऊ शकत नाही. विचार न करता स्वीकारली, तर एकाच घरात दोन पंक्ती पडतात. वडीलधाऱ्यांचे ताट वेगळे आणि मुलांचे वेगळे होते. या दोहोंमधून जाणारी एक वाट आहे. पदार्थाच्या नावावर न थांबता त्यातील प्रत्येक घटक नेमके कोणते काम करतो हे समजून घ्यावे आणि तेच काम आपल्या मर्यादेत बसणाऱ्या वस्तूकडून करून घ्यावे.

मूळ पदार्थच मिश्र

असे करताना आपण मूळ पदार्थाची नक्कल करतो आहोत, असा संकोच बाळगण्याचे कारण नाही. ज्याला आपण 'चायनीज' म्हणतो, त्यातील बरेचसे पदार्थ भारतातच घडले. कोलकात्यात स्थायिक झालेल्या हक्का चिनी कुटुंबांनी आपल्या पाककृती येथील तिखट-मसाल्यांशी जुळवून घेतल्या. मांचुरियनचा जन्म तर मुंबईतला. कोलकात्यातून आलेले नेल्सन वँग यांनी 1975 मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर वापरून हा प्रकार तयार केला, असे सांगितले जाते. मूळ पदार्थ सामिष होता. फ्लॉवरचे व इतर भाज्यांचे मांचुरियन नंतर आले. चीनमधील मांचुरिया प्रांताशी या पदार्थाचा नावापुरताच संबंध आहे. जो पदार्थ बदलातूनच जन्मला, त्यात आणखी एक बदल जैन स्वयंपाकघराने केला तर त्यात वावगे काही नाही.

कांदा-लसणाविना आशियाई स्वयंपाक अशक्य, हाही गैरसमजच आहे. चीन, कोरिया आणि जपानमधील बौद्ध मठांत उग्र वासाच्या पाच वनस्पती वर्ज्य मानल्या जातात. कांदा आणि लसूण त्यांत मोडतात. जपानमधील मठांच्या या आहारपद्धतीला शोजिन ऱ्योरी म्हणतात. दोगेन या आचार्यांनी 1237 मध्ये मठातील स्वयंपाक्याची कर्तव्ये सांगणारा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. थायलंडमध्येही शरद ऋतूत नऊ दिवसांच्या शाकाहारी उत्सवात कांदा-लसूण वर्ज्य असतो. मात्र या परंपरांचे नियम आणि आपले नियम एक नाहीत. तेथे मुळा, अळंबी आणि समुद्री शेवाळ चालते. आपल्याकडे कंदमूळ, अळंबी आणि अनंतकायांत गणले जाणारे शेवाळ चालत नाही. उलट आपल्या फोडणीतला हिंग त्यांच्या पाच वर्ज्य वनस्पतींच्या जुन्या यादीत आढळतो. म्हणून परदेशातील 'शाकाहारी' पाककृतीही जशीच्या तशी उचलता येत नाही.

घटक आणि त्याचे काम

कांदा रश्शाला गोडवा आणि दाटपणा देतो. हे काम टोमॅटोचा गर, उकडून वाटलेला दुधी किंवा थोडे काजूवाटण करू शकते. कांद्याचा करकरीतपणा हवा असेल तर ढोबळी मिरची घ्यावी. लसणाच्या उग्रतेसाठी गरम तेलात चिमूटभर हिंग पुरेसा होतो. ओल्या आल्याऐवजी सुंठ वापरावी. ती अधिक तीव्र असल्याने पाव चमच्यापासून सुरुवात करावी. 'हनी चिली पोटॅटो' या लोकप्रिय पदार्थात मध आणि बटाटा दोन्ही वर्ज्य आहेत. तेथे कच्च्या केळ्याच्या कुरकुरीत तळलेल्या फोडी आणि गुळाचा पाक ही जोडी उत्तम जमते. बांबूचे कोवळे कोंबही अनंतकायांत येतात. त्यांच्या जागी फरसबी किंवा बेबी कॉर्न घालता येते.

सोया सॉस आणि व्हिनेगर हे आंबवून तयार होणारे पदार्थ असल्याने अनेक कुटुंबे ते घेत नाहीत. येथे कोकणच मदतीला येते. आठ-दहा आमसुले अर्धी वाटी गरम पाण्यात वीस मिनिटे भिजवून कुस्करावीत. त्या गडद, आंबट पाण्यात मीठ आणि थोडा गूळ घातला की सोया सॉसचा खारटपणा व रंग आणि व्हिनेगरचा आंबटपणा ही सारी कामे बऱ्याच अंशी साधतात. चव तंतोतंत तीच येत नाही, पण पदार्थ अपुराही वाटत नाही.

याहून मोठे आश्चर्य तिरफळाचे आहे. चीनच्या सिचुआन प्रांतातील स्वयंपाकाची खूण म्हणजे जिभेला मुंग्या आणणारी सिचुआन मिरी. आपल्या बाजारातील 'शेजवान' चटणीत ती बहुधा नसतेच. तिचा भर असतो लाल मिरची आणि लसणावर. मात्र कोकणात आमटीत पडणारे तिरफळ वनस्पतिशास्त्रानुसार सिचुआन मिरीच्याच प्रजातीतले आहे. तिरफळातील काळे बी टाकून द्यावे, साल हलकी भाजून पूड करावी आणि भिजवलेल्या सुक्या लाल मिरच्या, हिंग व तेल यांच्यासह परतावी. ही लसूणविरहित चटणी बाजारच्या बाटलीपेक्षा मूळ चवीच्या अधिक जवळ जाते.

दोन घरगुती कृती

दुधीचे मांचुरियन: एक वाटी किसलेला दुधी पिळून घ्यावा आणि त्याचे पाणी राखून ठेवावे. त्यात एक उकडून कुस्करलेले कच्चे केळे, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, दोन मोठे चमचे तांदळाचे पीठ, मीठ आणि मिरपूड घालून गोळे तळावेत. तेलात हिंग, हिरवी मिरची आणि ढोबळी मिरची मोठ्या आचेवर परतावी. मग अर्धी वाटी टोमॅटोचा गर, तीन चमचे कोकमाचे पाणी, एक चमचा गूळ, पाव चमचा सुंठ आणि दुधीचे राखलेले पाणी घालावे. उकळी आल्यावर एक चमचा कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून ओतावे. गोळे वाढण्याच्या वेळीच सोडावेत, म्हणजे मऊ पडत नाहीत.

थाई पद्धतीची करी: बाजारातील तयार वाटणात लसूण, छोटे कांदे, गलांगलचा कंद आणि अनेकदा कोळंबीची पेस्ट असते. म्हणून वाटण घरीच करावे. दोन वाट्या नारळाच्या दुधात गवती चहाच्या पाच-सहा पातींची जुडी आणि लिंबाची दोन-तीन पाने घालून मंद आचेवर दहा मिनिटे ठेवावीत आणि मग काढून टाकावीत. चार हिरव्या मिरच्या, वाटीभर कोथिंबीर, भाजलेले धणे-जिरे, मिरी आणि सुंठ यांचे वाटण तेलात परतून हे दूध त्यात मिसळावे. फरसबी, मटार, बेबी कॉर्न किंवा कच्चे केळे आधी वाफवून घालावे. चातुर्मासात हिरव्या पालेभाज्यांचा त्याग असेल, तर हिरव्या पानांऐवजी धणे-जिऱ्याचे प्रमाण वाढवून लिंबाची किसलेली साल वापरावी.

वेळेचे गणित

आशियाई स्वयंपाकाची एक रीत चौविहाराला विशेष सोयीची आहे. चिरण्याला वेळ लागतो, पण शिजवणे काही मिनिटांचे असते. पातळ लोखंडी कढई चांगली तापवावी, भाज्या कोरड्या असाव्यात आणि एका वेळी दोघांपुरताच घाणा घ्यावा. मग भाज्या पाणी न सुटता चार-पाच मिनिटांत तयार होतात. दुपारीच चिरून ठेवण्यापेक्षा साडेचारला शाळेतून आलेल्या मुलांना फरसबी मोडायला बसवले, तर सव्वापाचला ताटे वाढता येतात.

फ्राइड राइससाठी मात्र आदल्या दिवशीचा भात घेण्याची प्रथा आहे आणि आपल्याकडे वासी अन्न वर्ज्य आहे. खरे तर भात शिळा असण्याची गरज नसते. तो कोरडा आणि गार असावा लागतो. दुपारचा भात किंचित मोकळा शिजवून ताटात पसरावा आणि पंख्याखाली ठेवावा. घरातील मर्यादेचे प्रहर मोजून तो सूर्यास्तापूर्वीच वापरावा.

मर्यादेत राहून चव शोधणे ठाण्याला अपरिचित नाही. टेंभी नाक्यावरील श्री मुनिसुव्रतस्वामी जिनालय 'कोकण शत्रुंजय' म्हणून ओळखले जाते आणि नवपद ओळीत वाचल्या जाणाऱ्या श्रीपाल-मयणासुंदरीच्या कथेत ठाण्याचा उल्लेख येतो. त्याच ओळीतील आयंबिलात दूध, दही, तूप, तेल आणि साखर यांवाचून धान्य-कडधान्यांचे किती प्रकार होतात, हे घराघरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया जाणतात. नूडल्सच्या कढईपाशीही हेच ज्ञान उपयोगी पडते.

एक काम मात्र मुलांवरच सोपवावे. पाकिटावरील हिरवी खूण पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगते. त्यात कांदा, लसूण किंवा कंदमूळ नाही, असे ती सांगत नाही. ते बारीक अक्षरांतील घटकांच्या यादीत वाचावे लागते आणि मुलांची नजर त्यासाठी तीक्ष्ण असते. ज्या मुलाने यादी वाचली, आमसुले कुस्करली आणि दुधी किसला, त्याला आजींच्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच देता येते. मग सूर्यास्तापूर्वी सारे घर एकाच पंक्तीला बसते.