ओव्हरक्लॉकिंग : वेग वाढतो, तापही वाढतो

संगणकाच्या प्रोसेसरलाही हृदयासारखा ठोका असतो. पाच गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला पाच अब्ज ठोके देतो आणि प्रत्येक ठोक्याबरोबर हिशेब एकेक पायरी पुढे सरकतो. कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा हा ठोका जलद करणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनसारख्या किनारी गावांतही आता व्हिडीओ एडिटिंग, थ्रीडी आराखडे आणि गेमिंगसाठी ताकदवान संगणक जोडून घेतले जातात. बायोसमध्ये जाऊन दोन-चार आकडे बदलले की फुकटात वेग मिळतो, असा मोह मग होतोच. पण हा वेग खरोखर फुकट नसतो आणि समुद्रकाठी तर तो जरा महागच पडतो.

फायदा कुठून येतो?

एकाच सिलिकॉनच्या चकतीतून कापलेल्या चिप्स एकसारख्या निघत नाहीत. काही दमदार, काही बेताच्या. सगळ्यांनी वर्षानुवर्षे, उन्हाळ्या-पावसाळ्यात बिनचूक चालावे म्हणून कंपनी छापील वेग थोडा राखून ठरवते. ही शिल्लक म्हणजे ओव्हरक्लॉकिंगचे भांडवल. 1998मध्ये आलेला इंटेलचा सेलेरॉन 300ए हा स्वस्त प्रोसेसर 300 मेगाहर्ट्झचा होता. पण हौशी लोक तो सर्रास 450 वर चालवत. दीडपट वेग, तोही एका सेटिंगच्या बदलात!

आज मात्र कंपन्यांनी ही शिल्लक स्वतःच वापरायला घेतली आहे. आधुनिक प्रोसेसर तापमान आणि विजेचा अंदाज घेत आपला वेग आपणच वाढवतो. त्यामुळे हाताने आणखी ताणले, तरी बहुतेकदा हाती थोडीच टक्केवारी लागते. शिवाय गेममध्ये अडथळा अनेकदा ग्राफिक्स कार्डाचा असतो. तिथे प्रोसेसर ताणून उपयोग नाही.

उष्णतेचे गणित

प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग 10 टक्के वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही 10 टक्के वाढवले, तर खर्च होणारी वीज सुमारे 33 टक्क्यांनी वाढते. ही सगळी वीज अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. वेग दहाने, ताप तेहतीसने, असा हा व्यवहार आहे.

ताप फार चढला की प्रोसेसर स्वतःला वाचवतो. साधारण 95 ते 100 अंश सेल्सिअसला पोहोचला की तो वेग कमी करतो आणि तरीही भागले नाही तर बंद पडतो. उन्हात राबणाऱ्या माणसाचे हातपाय जड होतात, तसेच हे. पण दिसणाऱ्या तापापेक्षा न दिसणारी झीज जास्त घातक असते. जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमान यांमुळे चिपमधल्या अतिसूक्ष्म तारांतील धातूचे अणू हळूहळू सरकतात आणि ट्रान्झिस्टर कमजोर होतात. ही हानी भरून येत नाही. शरीर जखम भरते, सिलिकॉन भरत नाही.

2024मध्ये याचा मोठा दाखला मिळाला. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज हे त्यामागचे कारण असल्याचे कंपनीने सांगितले, दुरुस्तीचे अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण अपडेटने पुढची झीज रोखता आली. झालेली झीज परतवता आली नाही.

किनाऱ्यावरचा वेगळा हिशेब

दमट हवेत माणसाचा जीव का कासावीस होतो? घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. प्रोसेसरला घाम येत नाही, त्यामुळे पंख्याने थंड होण्यात दमटपणा त्याला फारसा आडवा येत नाही. त्याला छळते ते खोलीचे तापमान. पंखा असो वा पाण्याचा कूलर, दोघेही खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. खोली आठ अंशांनी तापली, तर चिपही साधारण तेवढीच वर जाते. जानेवारीत सुरळीत चाललेले सेटिंग मे महिन्यात कोसळते ते यामुळेच.

दमटपणाचा त्रास दुसऱ्या वाटेने येतो. हवा 33 अंशांची आणि आर्द्रता 75 टक्के असेल, तर सुमारे 28 अंशांहून थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरते. म्हणून बर्फाने किंवा पेल्टियर कूलरने चिप खोलीपेक्षा थंड करण्याचे प्रयोग इथे धोक्याचे. खाऱ्या वाऱ्यातले मीठ धुळीबरोबर बोर्डावर बसते, ओलावा ओढते आणि जोड गंजवते. त्यात वीज ये-जा करत असेल, तर ताणलेल्या यंत्रावर आणखी एक घाव.

माणसाची तब्येत

शांत बसलेला माणूस साधारण 100 वॉट उष्णता बाहेर टाकतो. 400 वॉट खाणारा संगणक म्हणजे खोलीत आणखी चार माणसे बसल्यासारखे. बंद खोलीत रात्रभर रेंडरिंग चालू असेल, तर तिथे झोपणाऱ्या वृद्धांना, लहान मुलांना आणि हृदयरोग्यांना त्याचा त्रास होतो. घामेजल्या हाताने उघड्या कॅबिनेटला हात लावणे आणि अर्थिंगची पिन नसलेला प्लग वापरणे जिवावर बेतू शकते. घरात आरसीसीबी स्विच असावाच.

विक्रमवीर नऊ गिगाहर्ट्झच्याही पुढे गेले आहेत, पण द्रव हेलियमच्या मदतीने आणि काही क्षणांपुरतेच. द्रव नायट्रोजनचेही प्रयोग होतात. त्याचे तापमान उणे 196 अंश. त्वचेला लागला तर भाजल्यासारखी इजा होते. एका लिटरचा जवळपास 700 लिटर वायू होतो आणि बंद खोलीतला प्राणवायू घटतो. गुदमरल्याची जाणीव शरीराला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते. इथे तो वाढत नाही, म्हणून माणूस सावध होण्याआधीच बेशुद्ध पडतो. हा प्रयोग घरी नको.

कुठे ताणावे, कुठे नाही

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. वाड्या उद्ध्वस्त झाल्या, घरांची छपरे उडाली; पण वादळ येणार हे आधी कळले होते. असे अंदाज पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील महासंगणकांवरच्या गणितातून येतात. तिथे वेग हवा असेल तर हजारो प्रोसेसर शेजारी-शेजारी लावतात, एकेकाला ताणत नाहीत. कारण ताणलेला प्रोसेसर बंद पडला तर निदान कळते; पण न कळत एखादा आकडा चुकवला, तर? 1961मध्ये एडवर्ड लॉरेन्झ यांनी हवामानाच्या गणितात 0.506127 ऐवजी 0.506 घातले आणि अंदाज पार बदलून गेला. रुग्णालयातले मॉनिटर, बँकेचे हिशेब, दुकानाची खातेवही यांनाही हाच नियम.

घरचा संगणक निव्वळ हौसेचा असेल, डेटाची दुसरी प्रत ठेवलेली असेल आणि वॉरंटी जाण्याची तयारी असेल, तर प्रयोग करून पाहायला हरकत नाही. वेग थोडा-थोडाच वाढवावा, व्होल्टेजला शक्यतो हात लावू नये आणि चाचणी भर उन्हाळ्यात घ्यावी. पण किनाऱ्यावर राहणाऱ्याला याहून चांगला उपाय आहे. धूळ साफ करावी, जुनी थर्मल पेस्ट बदलावी, हवा खेळती ठेवावी आणि जमल्यास व्होल्टेज वाढवण्याऐवजी किंचित कमी करून पाहावे. तापामुळे मंदावलेला प्रोसेसर थंड झाला की हरवलेला वेग बऱ्याचदा आपसूक परत येतो. ताप असलेल्या रोग्याला पळायला लावण्याआधी ताप उतरवावा, हे शहाणपण यंत्रालाही लागू पडते.