विमानतळावरून थेट उन्हेऱ्याला!

दोस्तांनो, विमानतळाच्या दारात पाहुण्याच्या नावाची पाटी धरून ताटकळत उभे असलेले ड्रायव्हर तुम्ही पाहिलेत का? पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणच्या मुलांना हे विचारायलाच नको. तुमच्यापैकी कुणाचे बाबा, कुणाचे मामा हेच काम करत असतील. चाकण-तळेगावच्या कारखान्यांत जर्मनीहून, जपानहून, कोरियाहून इंजिनिअर येतात. त्यातले बरेच जण उतरतात मुंबईला, आणि तेही बहुधा रात्री-अपरात्री. त्यांना घेऊन यायला इथून गाडी जाते.

आमच्या शेजारच्या काकांची अशीच एक गाडी आहे. नंबरप्लेट पिवळी, आकडे काळे. पिवळी पाटी म्हणजे भाड्यानं चालवायचा परवाना असलेली गाडी. पांढऱ्या पाटीच्या गाडीनं भाडं मारायचं नाही, असा कायदाच आहे. पाहुण्याच्या विमानाचा नंबर काकांना आदल्या दिवशी मिळतो. विमान कुठवर आलं, उशीर आहे का, हे ते मोबाइलवर बघत असतात. भाडं आधीच ठरलेलं. टोल, पार्किंग, थांबण्याचा वेळ सगळं त्यात धरलेलं. नावाची पाटी लिहायचं काम मात्र त्यांच्या आठवीतल्या मुलीकडे! परदेशी नावाचं एक अक्षर चुकलं तर पाहुणा समोरून निघून जातो, म्हणून ती दोनदा तपासून लिहिते.

मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी सकाळी काकांनी जपानहून आलेल्या एका पाहुण्याला घेतलं. त्यांचं काम सोमवारी सुरू व्हायचं होतं. नवी मुंबई मागे पडली तशी पाहुण्यांनी विचारलं, "ओनसेन? निअर?" काकांना काही उमगेना. मग पाहुण्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. वाफाळणारं पाणी, त्यात गळ्यापर्यंत बसलेली माणसं. "अहो, हे तर आपलं उन्हेरं!" काका म्हणाले. ऑफिसला फोन झाला, जादा किलोमीटरचे पैसे ठरले, आणि खोपोलीला एक्सप्रेसवे सोडून गाडी पालीच्या रस्त्याला लागली.

पाली म्हणजे अष्टविनायकांतल्या बल्लाळेश्वराचं गाव. तिथून उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडं अगदी तीनेक किलोमीटरवर. गावाच्या डोक्यावर सरसगड उभा. कातळात खोदलेल्या त्याच्या उभ्या पायऱ्या चढताना भल्याभल्यांचे पाय लटपटतात. थोडं पुढे सुधागड. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर १६८१ साली मराठ्यांच्या आश्रयाला आला, तो याच गडाच्या पायथ्याशी राहिला. म्हणून तिथल्या गावाचं नाव पातशाहापूर पडलं. त्याचंच झालं पाच्छापूर.

गाडीत पाहुण्यांनी विचारलं, "व्होल्कॅनो?" जपानात ज्वालामुखी पुष्कळ. गरम पाणी म्हटलं की त्यांना तेच आठवणार. काका म्हणाले, "नो नो. गॉड!" पण घरी आल्यावर त्यांनी तोच प्रश्न मुलीला घातला. ती दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या बाईंना विचारून आली.

तर ऐका. आपला सह्याद्री लाव्हाचाच बनलाय, पण तो लाव्हा जवळजवळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो केव्हाच गार झाला. उन्हेऱ्याचं पाणी त्यानं तापत नाही. होतं काय, की पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल खोल उतरतं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढत जाते. तिथं तापलेलं पाणी दुसऱ्या एखाद्या भेगेतून वर येतं. वाटेत खडकातले क्षार घेऊन येतं आणि गंधकाचा तो चमत्कारिक वासही! कोकणात अशा झऱ्यांची रांगच आहे, पालघर जिल्ह्यापासून थेट राजापूरपर्यंत. गावांची नावं बघा: उन्हेरे, उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे. नावातच ऊन! आपल्या पूर्वजांनी थर्मामीटर न लावता केलेली ही नोंद मला फार आवडते.

पण खरी गंमत कुंडाजवळ झाली. गंमत तरी कशी म्हणायची? पाहुणे पाण्यात उतरेचनात. इकडेतिकडे काहीतरी शोधत राहिले. काकांना वाटलं, पाणी आवडलं नसेल. मग कळलं, ते आधी अंग धुवायची जागा शोधत होते. जपानात गरम कुंडात उतरण्याआधी बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबणानं स्वच्छ आंघोळ करायची, साबण पुरता धुऊन टाकायचा आणि मगच पाण्यात जायचं. कुंडात साबणाचा थेंब नाही, टॉवेलसुद्धा बुडवायचा नाही. इथं तेवढ्यात सहलीला आलेल्या एकानं कुंडातच शाम्पूची पुडी फोडली होती. काका म्हणाले, "मला मान वर करवेना."

पाहुण्यांनी शेवटी गाडीतली पाण्याची बाटली आणली, कडेला जाऊन अंग धुतलं आणि मग तासभर पाण्यात बसले.

ही अडचण फक्त आपलीच नाही बरं का. तुर्कस्तानात पामुक्काले नावाची जागा आहे. नावाचा अर्थ कापसाचा किल्ला. गरम पाण्यातल्या चुन्यामुळे तिथं डोंगरउतारावर पांढऱ्याशुभ्र पायऱ्या तयार झाल्या आहेत, आणि वर हिएरापोलिस या प्राचीन शहराचे अवशेष. विमानतळ ६०-७० किलोमीटरवर, तिथंही ड्रायव्हर पाट्या घेऊन उभे असतात. लोक इतके यायला लागले, की अवशेषांच्या मधोमध हॉटेलं उभी राहिली. पांढऱ्या पायऱ्यांवरून डांबरी रस्ता गेला! १९८८ साली ती जागा जागतिक वारसा ठरली. पुढे हॉटेलं पाडावी लागली, रस्ता काढून टाकला. आता त्या पायऱ्यांवर चप्पल-बूट काढूनच चालायचं.

संध्याकाळी गाडी चाकणला पोचली. वाहनांच्या गर्दीत पाहुण्यांना एक जुनी तटबंदी दिसली. "दिस?" त्यांनी विचारलं. तो संग्रामदुर्ग. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे हा छोटासा भुईकोट जवळजवळ दोन महिने लढवला. शेवटी मोगलांनी सुरुंग लावून बुरूज उडवला तेव्हा तो पडला. काका रोज तिथून गाडी नेतात, पण पाहुण्याला दाखवायला थांबले ते पहिल्यांदाच. दोघं अंधार पडेपर्यंत त्या ढासळलेल्या भिंतींजवळ फिरले.

आता काकांच्या डिकीत स्टेपनीशेजारी एक बादली आणि मग असतो. आणि त्यांच्या मुलीनं नवी पाटी रंगवलीय, मराठीत आणि इंग्रजीत: "साबण बाहेर!" तेवढी कुंडाजवळ लावायला कुणाची परवानगी लागते, याची चौकशी सध्या चालू आहे.