सूत्रकृमींतील इंद्रियविकास व कोशिका-संदेशन

एका कोशिकेने (पेशीने) निर्माण केलेल्या प्रथिनामुळे दुसऱ्या कोशिकेचे भवितव्य ठरते, या क्रियेस कोशिका-संदेशन म्हणतात. या क्रियेने इंद्रिय कसे घडते, याचे स्पष्ट उदाहरण सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या सूत्रकृमीच्या भगाच्या (अंडी बाहेर टाकण्याच्या द्वाराच्या) विकासात मिळते.

हा कृमी सु. १ मिमी. लांब व पारदर्शक असल्याने त्याच्या कोशिकांचे विभाजन जिवंतपणी पाहता येते. सिडनी ब्रेनर यांनी १९७४ मध्ये त्याच्या आनुवंशिकीचा पाया घातला. जॉन सल्स्टन व एच. रॉबर्ट हॉर्व्हिट्स यांनी १९७७ मध्ये त्याच्या डिंभावस्थेतील कोशिकांची वंशावळ प्रसिद्ध केली. या तिघांना २००२ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

भगाची घडण : डिंभाच्या अधर बाजूस सहा पूर्वगामी कोशिका एका रांगेत असतात. त्या सर्व भग घडविण्यास समर्थ असल्या, तरी प्रत्यक्षात तीनच ते कार्य करतात. रांगेच्या वर, जनन ग्रंथीत असलेली अँकर कोशिका लिन-३ हे प्रथिन स्रवते. सर्वांत जवळच्या कोशिकेस ते अधिक प्रमाणात मिळते व तिच्या पृष्ठावरील लेट-२३ या ग्राही प्रथिनास चिकटते. तेथून लेट-६० (रास) या प्रथिनामार्फत संदेश केंद्रकापर्यंत पोहोचतो आणि ती कोशिका ‘प्राथमिक’ बनते. ती लगतच्या दोन कोशिकांना पार्श्विक संदेश देते. तो त्यांच्यावरील लिन-१२ (नॉच) या ग्राही प्रथिनाने स्वीकारल्यावर त्या ‘द्वितीयक’ बनतात. प्राथमिक कोशिकेपासून ८ व प्रत्येक द्वितीयक कोशिकेपासून ७, अशा एकूण २२ कोशिकांचे भग बनते. उरलेल्या तिघींची संतती बाह्यत्वचेत विलीन होते.

प्रायोगिक पुरावा : जूडिथ किंबल यांनी १९८१ मध्ये लेसर किरणांनी अँकर कोशिका नष्ट केली, तेव्हा भग तयार झाले नाही; उलट, जनन ग्रंथीतील केवळ तीच कोशिका शिल्लक ठेवली असता ते तयार झाले.

महत्त्व : उत्परिवर्तनामुळे संदेश खंडित झाल्यास भग बनत नाही, अंडी मातेच्या शरीरातच उबतात व डिंभ तिला आतून खाऊन टाकतात. याउलट, लेट-६० सतत कार्यशील राहिल्यास अनेक भगसदृश उंचवटे उद्‌भवतात. मानवातील अनेक कर्करोगांत रास प्रथिन अशाच रीतीने सतत कार्यशील झालेले आढळते. त्यामुळे संदेश वेळीच थांबणे हे तो पोहोचण्याइतकेच आवश्यक आहे, हे या क्षुद्र कृमीच्या अभ्यासातून स्पष्ट होते.