स्मार्ट होमचा कंट्रोलर बंद पडलाय? फेकण्याआधी हे तपासा

सात-आठ वर्षं नीट चाललेला कंट्रोलर मधूनच रीस्टार्ट होऊ लागतो आणि एक दिवस त्याचा लाइटच लागत नाही. ‘बोर्ड गेला’ म्हणून आपण नवीन घ्यायला निघतो. मग सगळे स्विच, सेन्सर पुन्हा जोडत बसा! पण बऱ्याचदा बोर्ड ठणठणीत असतो, गेलेला असतो तो पॉवर सप्लायमधला कपॅसिटर.

असं का होतं? इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये द्रव असतो. कंट्रोलर २४ तास चालू असतो, त्यामुळे उष्णतेने हा द्रव हळूहळू आटतो. तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. शेवटी व्होल्टेज स्थिर राहत नाही.

अ‍ॅडॅप्टर बाहेरचा असेल तर दुसरा लावून बघा. व्होल्टेज आणि पिनची पोलॅरिटी तीच हवी, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील. नुसत्या अ‍ॅडॅप्टरला मल्टिमीटर लावून खात्री होत नाही. लोड नसताना बिघडलेला अ‍ॅडॅप्टरही बरोबर व्होल्टेज दाखवू शकतो.

सप्लाय कंट्रोलरच्या आत असेल तर स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब उरलेला असू शकतो. रिपेअरवाल्याला सांगा: मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि कपॅसिटर १०५ अंशांचाच टाका. काही रुपयांच्या पार्टमध्ये तुमचं अख्खं सेटअप वाचेल.